बायोडाट्यातली शिक्षणाची ओळ

मांडवगण फराट्याच्या वाचनालयात रखमाजीआप्पांनी छत्तीस वर्षं नोकरी केली, पण त्या छत्तीस वर्षांत 'शांतता राखा' एवढंसुद्धा त्यांनी कुणाला तोंडानं सांगितलं नाही. भिंतीवर तशी पाटी होती, तिच्याकडे ते नुसतं बोट करायचे. आणि ज्याला बोट दाखवलं त्याला वाईट तर वाटलं नसेल ना, या काळजीत पुढचा तासभर घालवायचे. वाचलेलं सगळं डोक्यात, पण ओठांपर्यंत काही पोचेल तर शपथ.

अशा माणसाच्या हातून खोटं लिहिलं गेलं, त्याला कारण त्यांचं अक्षर.

आप्पांचं अक्षर मोत्यासारखं. गावात कुणाच्या पोराचं, पोरीचं लग्न काढायचं ठरलं की बायोडाटा आप्पांकडून लिहून घ्यायचा, ही तिथली रीत. हल्ली मोबाईलवर फुलाफुलांच्या चौकटीत तयार बायोडाटे मिळतात, पण आप्पांच्या हातच्या कागदानं लग्न लवकर जमतं अशी गावाची समजूत होती. आधी आप्पांनी कागदावर लिहायचं, मग त्याचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवायचा. मग त्यांची स्वतःची नात धनश्री लग्नाची झाल्यावर कागद दुसरं कोण लिहिणार?

धनश्री बीएचएमएस होती, म्हणजे होमिओपॅथीची डॉक्टर. दोन वर्षांपूर्वी तिनं शिरूरला स्टँडमागच्या गल्लीत एक गाळा घेऊन दवाखाना टाकला होता आणि तो बरा चालला होता. तिचं लग्न मनावर घेतलं ते तिच्या मामानं, संपतनं. संपत कुरकुंभला औषधाच्या एका कंपनीत पॅकिंगला होता. रोज लाखभर गोळ्या नजरेखालून जातात म्हणून तो स्वतःला निम्मा डॉक्टर समजत असे.

"दौंडचं स्थळ हाय, आप्पा," तो आल्या आल्या म्हणाला. "पोरगं एमडी! परदेशात शिकून आलंय. बापानं दवाखाना बांधून ठेवलाय, तीन मजली. वीस खाटा. लिफ्ट हाय लिफ्ट!"

आप्पांनी कागद घेतला. नाव, जन्मतारीख, उंची लिहून झाली. 'शिक्षण' लिहून त्यांनी पुढे दोन टिंबं दिली आणि 'बी.एच.' पर्यंत आले, तेवढ्यात संपतनं त्यांचं मनगट धरलं.

"थांबा, थांबा. एवढं उलगडून कशाला सांगायचं? एमडी लोकं हायती ती. नुसतं 'वैद्यकीय पदवीधर' लिवा."

"पण पदवी कोणती, ते..."

"आता ह्यात खोटं काय हाय? वैद्यकीय हाय का न्हाई? पदवीधर हाय का न्हाई?"

आप्पांनी विचार केला. खोटं काहीच नव्हतं. धनश्रीचा बाप भारत उसाला पाणी द्यायला गेला होता, त्यामुळे विचारायलाही कुणी नव्हतं. आप्पांनी कागद बदलला.

दोन दिवसांनी संपत अंगणात मुलाच्या बापाशी फोनवर बोलताना त्यांना ऐकू आला. "व्हय तात्या, डॉक्टर म्हंजी काय, एमबीबीएसच की!"

तेव्हापासून आप्पांना एकच चित्र दिसायला लागलं. सुपारी फुटणार, लग्न लागणार आणि एक दिवस दौंडच्या त्या तीन मजली इमारतीत चारचौघांसमोर कुणीतरी धनश्रीला म्हणणार, तू आम्हाला फसवलंस. पोरीला त्यातलं काहीच ठाऊक नाही. तिला सांगावं म्हणून ते तीनदा तिच्या खोलीच्या दारापर्यंत गेले. "काय आप्पा?" तिनं विचारलं की "काही नाही, पाणी प्यायला आलो होतो," असं म्हणून, तहान नसताना तांब्याभर पाणी पिऊन परत फिरले.

त्यात आणखी एक शंका त्यांना छळत होती. वाचनालयात करिअर मार्गदर्शनाचं एक जाडजूड पुस्तक होतं आणि ते आप्पांखेरीज कुणी उघडलेलं नव्हतं. त्यात लिहिलं होतं, की आपल्याकडे एमडी करायची तर आधी एमबीबीएसची साडेपाच वर्षं, मग पुढची तीन. दौंडकरांच्या बायोडाट्यात मुलगा चोविसाव्या वर्षी एमडी झालेला होता. आप्पांनी बोटांवर हिशेब केला. सव्वीसच्या आत काही बसेना. उलटा केला, तरी बसेना. शेवटी आपलंच चुकत असणार, पुस्तकही जुनं आहे, असं म्हणून त्यांनी बोटं मिटली. ज्याच्या दवाखान्याला लिफ्ट आहे त्याचं गणित चुकीचं कसं असेल?

बघण्याचा कार्यक्रम रविवारी ठरला. आप्पांनी मनाशी पक्कं केलं की पाहुण्यांना खरं सांगायचं, आणि सुपारीच्या आत सांगायचं. त्यांनी एका चिठ्ठीवर लिहिलं: 'क्षमा असावी. आमची मुलगी एमबीबीएस नसून बीएचएमएस आहे. चूक माझी आहे.' 'क्षमा असावी' की 'माफ करा' यावर त्यांचे दोन दिवस गेले.

रविवारी दहाच्या सुमाराला पाहुण्यांची गाडी दारात आली. आधी उतरले तात्याबा, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. मागून त्यांचा मुलगा रविराज उतरला, तो चप्पल काढताना दोनदा अडखळला. शेवटी तात्याबांच्या आई झुंबरबाई. ऐंशीला टेकलेल्या, हातात पिशवी. पिशवीत ओटीचं सामान असेल असं सगळ्यांना वाटलं.

पोह्यांच्या बशा आल्या. तात्याबांनी पहिला घास घ्यायच्या आधीच दवाखान्याची माहिती द्यायला सुरुवात केली.

"ऑपरेशन थेटर केलंय. फरशी गुजरातवरनं आणली. बाहेर पार्किंगला ब्लॉक बसवलं."

"उद्घाटन कवा झालं म्हणायचं?" भारतनं विचारलं.

"न्हाई, ते... मुहूर्त बघतोय."

"किती दिस झालं बांधून?"

"दोन वर्सं," तात्याबा म्हणाले आणि घाईनं पोह्यांकडे वळले.

आप्पांनी खिशातल्या चिठ्ठीवर हात ठेवला. आता बोलावं. ते खाकरले. लगेच संपत म्हणाला, "आप्पांना पाणी द्या गं!" पाणी आलं. आप्पांनी ते प्यायलं. संधी गेली.

मग धनश्री आली आणि नमस्कार करून समोरच्या खुर्चीत सरळ बसली. बसते ना बसते तोच झुंबरबाईंनी पदर खांद्यावर सारला आणि उघडा दंड तिच्यापुढे केला.

"आधी एक सुई टोच बाई मला. गुडघं लई ठणकत्यात."

"आई, आपण बघायला आलोय," तात्याबा म्हणाले.

"मग ती बघू दे की मला!" झुंबरबाईंनी पिशवी पालथी केली. त्यातून ओटीचं सामान निघालं नाही. निघाले रिपोर्टांचे कागद, गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या आणि एक्स-रेचं भलंमोठं पाकीट. "डॉक्टर सून करायची म्हंजी कशासाठी? घरात सुई मिळंल म्हणून. दुखलं की गुण येतो. जेवढी मोठी सुई तेवढा मोठा डॉक्टर."

धनश्री हसली. "आजी, सुई मी देत नाही. पण सांगा बरं, कधी जास्त दुखतं? उठताना, की चालून चालून?"

"उठताना. चालाय लागलं की सैल पडतं."

"गार हवेनं वाढतं का? तहान किती लागते? गोड जास्त आवडतं की तिखट?"

झुंबरबाई जरा पुढे सरकल्या. "तिखट. ठेच्याबिगर घास उतरत न्हाई. पर हे मला न्हाई देत." त्यांनी तात्याबांकडे बोट केलं.

"राग आला की काय करता? भांडता, की गप्प बसता?"

आता झुंबरबाई खुर्चीतून उठल्या आणि धनश्रीच्या शेजारी जाऊन बसल्या. इतक्या वर्षांत त्यांना राग आल्यावर काय होतं, हे कुणी विचारलं नव्हतं. डॉक्टर लोक दोन मिनिटांत कागद हातात देत. ही पोरगी तर ऐकतच होती.

"मी व्हय? मी गप बसती आन् जाऊन थेटरात फरशीवर झोपती. तितं एसी हाय."

"कुठल्या थिएटरात?"

"ते ऑपरेशनचं न्हाई का! मोकळंच हाय. वरल्या खाटांवर कांदा पसरलाय औंदाचा. हवा चांगली लागती तितं."

"आई!" तात्याबांचा आवाज चढला. "मॅडम, हे काय चाललंय? एमबीबीएसला असलं इचारायला शिकिवत्यात?"

"नवीन सिलॅबस हाय, तात्या," संपत म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम दिसायला लागला होता.

तात्याबांनी विषयाला वळण द्यायचं म्हणून मोबाईल काढला. "हे जाऊ द्या. हे बघा, आम्ही काय करून ठिवलंय. नावाचा बोर्ड. डिझाईन तयार हाय. तुमचा होकार आला की दुसऱ्या दिवशी वर."

मोबाईल आधी भारतकडे गेला, मग आप्पांकडे आला. निळ्या रंगावर पांढरी अक्षरं होती. वरच्या ओळीत डॉ. सौ. धनश्री आणि त्याखाली ठसठशीत, एम.बी.बी.एस. रविराजचं नाव दुसऱ्या ओळीत, बारीक. मोबाईल धनश्रीकडे गेला. तिनं तो वाचला. एकदा वाचला, मग पुन्हा वाचला. तिच्या भुवया जवळ आल्या आणि ती बोलण्यासाठी मान वर करू लागली.

आप्पांच्या लक्षात आलं, की हिनं आता तोंड उघडलं तर पकडली गेली ती, असं होईल. लिहिणारा गप्प, आणि मान खाली पोरीची.

ते उभे राहिले.

खिशातून चिठ्ठी काढली, तर सकाळपासून मुठीत धरून धरून शाई फुटलेली. 'क्षमा' एवढंच शिल्लक होतं. आप्पांनी चिठ्ठी खाली ठेवली. आणि मग काय झालं कुणास ठाऊक, त्यांच्या तोंडून करिअर मार्गदर्शनाचं ते जाडजूड पुस्तकच बाहेर पडायला लागलं.

"एमबीबीएस साडेपाच वर्षांची असते," ते म्हणाले. आवाज आपलाच आहे का, हे त्यांनाही नीट कळेना. "बीएएमएससुद्धा साडेपाचच. बीएचएमएससुद्धा. दवाखान्यात उमेदवारीचं एक वर्ष धरून. वर्षं सारखी आहेत. पण विद्या निराळी, काम निराळं. एमबीबीएसवाले सलाईन लावतात, पुढे शिकून शस्त्रक्रिया करतात. बीएएमएस आयुर्वेदाचे. आमची धनश्री बीएचएमएस, होमिओपॅथीची. ही पदवी लहान का मोठी, ते मला सांगता येणार नाही, तेवढा माझा अधिकार नाही. पण ती एमबीबीएस नाही. बायोडाटा मी लिहिला. 'वैद्यकीय पदवीधर' हे अक्षर माझं आहे. पोरीला यातलं काही माहीत नाही."

आप्पा बसले. खुर्ची होती तिथंच होती, हे नशीब.

संपत छताच्या पंख्याकडे असा निरखून बघत होता, की जणू तो आजच बसवलाय. भारतनं त्याच्याकडे पाहिलं, पण संपतला पंख्याची पाती मोजायची होती.

मग तात्याबा फुटले.

"साबुदाणा?" ते ओरडले. "वीस खाटांचं हास्पिटल मी साबुदाण्याच्या गोळ्यांवर चालवू? लिफ्टनं पेशंट वर न्यायचा आन् जिभंवर चार दाणं टाकून खाली आणायचा? ही फसवणूक हाय! आमचं पोरगं एमडी हाय, एमडी! रविराज, ऊठ. आई, चला."

रविराज अर्धवट उठला. झुंबरबाई जागच्या हलल्या नाहीत.

"मी न्हाई येत. माझं सांगून झालेलं न्हाई."

"आई, ती खरी डॉक्टर न्हाई!"

"खरी न्हाई तर मग एवढं ऐकून कशी घेती? तुझ्या खऱ्यांनी कवा माझं नाव तरी इचारलं?" त्यांनी धनश्रीच्या गुडघ्यावर थाप मारली. "इचार बाई. फुडं काय ऱ्हायलं?"

धनश्रीचा चेहरा लाल झाला होता. तिनं मामाकडे एकदा असं पाहिलं, की संपत खुर्चीत चार बोटं खचला. पण पेशंट समोर होता. तिनं विचारलं, "झोप लागते का? स्वप्नं कसली पडतात?"

"मला कसली पडत्यात! मी पडली की थेट सकाळ. ह्याला इचार." झुंबरबाईंनी नातवाला हाताला धरून खाली बसवलं. "हे झोपेत वरडतंय. उठून बसतंय."

"आज्जी, जाऊ दे ना," रविराज म्हणाला.

"कसली स्वप्नं पडतात?" धनश्रीनं त्याला विचारलं. ती सवयीनंच बोलली, दवाखान्यात बोलायची तशी.

रविराजनं बापाकडे पाहिलं, मग समोर बसलेल्या आप्पांकडे. आप्पा शाईनं माखलेली बोटं धोतराला पुसत होते.

"परीक्षेची," तो हळूच म्हणाला. "तीनशे प्रश्न असतात. पास व्हायला दीडशे बरोबर लागतात. माझे मागच्या वेळी एकशे अठ्ठेचाळीस आले."

"स्वप्नात?"

"नाही, खरे. स्वप्नात एकशे एकोणपन्नास येतात."

"रविराज!" तात्याबा गरजले.

"सांगू द्या, तात्या. त्या आप्पांना घाम फुटला होता, तरी ते बोलले." तो धनश्रीकडे वळला. "मी जिथं शिकलो तिथं डॉक्टरकीची पहिलीच पदवी एमडी. सहा वर्षांची. इथल्या एमबीबीएससारखीच, तिच्या वरची नाही. आणि इथं येऊन परदेशात शिकलेल्यांसाठी असते ती परीक्षा पास झाल्याशिवाय मला तापाची गोळीसुद्धा लिहून देता येत नाही. पाच वेळा बसलो. पाच वेळा राहिलो. म्हणून दवाखाना बंद आहे. म्हणून बोर्डावर एमबीबीएस सून पाहिजे."

आप्पांची मिटलेली बोटं आपोआप उघडली. अठरा आणि सहा, चोवीस. हिशेब बसला. वास्तविक त्यांना आनंद व्हायला हवा होता, पण त्या पोराचा पडलेला चेहरा बघून त्यांना वाटलं, आपलं पुस्तक चुकीचं निघालं असतं तर बरं झालं असतं.

तात्याबा मटकन खुर्चीत बसले. खिशातलं एक पेन खाली पडलं, ते त्यांनी उचललं नाही.

"म्हंजी एमडी मोठी न्हाई?" भारतनं विचारलं.

"तिकडची न्हाई," तात्याबाच म्हणाले. आवाज एकदम बसला होता. "मलाबी ते पोरगं तिकडं गेल्यावर कळलं. तवर मी अख्ख्या दौंडात पेढं वाटलं हुतं. मग इमारत तरी बांधू म्हटलं. लोक इमारतीकडं बघत्यात, परीक्षेचं इचारत न्हाईत."

संपतला अचानक जीव आला. "मग झालं की! त्यांनी आपल्याला फसवलं, आपण त्यांना. फिट्टंफाट! सुपारी काढा."

"मामा," धनश्री म्हणाली, "तुम्ही आता एक शब्द बोललात ना, तर मी तुमच्या बायकोला फोन करीन."

संपत पुन्हा पंख्याकडे वळला.

धनश्रीनं एक्स-रेचं पाकीट उचललं आणि खिडकीशी गेली. फिल्म उजेडाला धरली, वाकडी करून पाहिली, मग मागे न बघता म्हणाली, "जरा इकडे येता का?" रविराज गेला. दोघं फिल्मखाली मान तिरकी करून उभे राहिले.

"उजवीकडे फटच उरली नाही," तो म्हणाला. आत्ता पहिल्यांदाच तो अडखळला नाही. "डावीकडे थोडी आहे. हाडाला इथं टोक आलंय, दिसलं?"

"हो. मलाही तसंच वाटलं." ती झुंबरबाईंकडे वळली. "आजी, गुडघ्याची गादी झिजलीय. माझ्या गोळ्यांनी ती परत यायची नाही आणि सुईनंही नाही. हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. तोवर थेटरात खाली झोपू नका, कॉटवर झोपा."

"कॉटवर कांदा हाय."

"कांदा खाली काढा."

झुंबरबाईंनी तात्याबांकडे विजयानं पाहिलं.

"आणि लग्नाचं?" भारतनं भीत भीत विचारलं.

"लग्नाचं मला आज काही सांगता येणार नाही," धनश्री म्हणाली. "हे लोक मला बघायला आले ते एका कागदावरून आणि मी ह्यांना बघायला तयार झाले तीही एका कागदावरून. दोन्ही कागद गेले. आधी खरे लिहा. मग मी वाचते, ते वाचतील. ह्यांची पुढची परीक्षा कधी आहे?"

"डिसेंबरात," रविराज म्हणाला.

"मग डिसेंबरपर्यंत कुणालाच घाई नको. आणि माझा गाळा बंद होणार नाही, हेही त्यात लिहा."

ती आत गेली आणि दोन कोरे कागद घेऊन आली. ते तिनं आप्पांपुढे ठेवले. रागानं ठेवले की मायेनं, ते आप्पांना कळेना. वर बघायचं धाडस झालं नाही. एवढंच दिसलं, की कागदांबरोबर तिनं त्यांचा चष्माही आणला होता.

तिचा कागद लिहायला वेळ लागला नाही. बी.एच.एम.एस. लिहिताना आप्पांनी प्रत्येक अक्षरानंतर एवढं ठळक टिंब दिलं, की कागदाला मागून फोड आले. मग त्यांनी दुसरा कागद पुढे ओढला. मुलाचं नाव लिहिलं, जन्मतारीख लिहिली, उंची विचारून लिहिली. 'शिक्षण' लिहिलं, दोन टिंबं दिली आणि पेन थांबलं.

"काय लिहू?" त्यांनी तात्याबांना विचारलं. आवाज पुन्हा नेहमीसारखा झाला होता, जेमतेम समोरच्या खुर्चीपर्यंत पोचणारा.

तात्याबांनी मुलाकडे पाहिलं. मग हातातल्या मोबाईलवरच्या निळ्या बोर्डाकडे पाहिलं आणि मोबाईल पालथा ठेवला.

"जे हाय ते लिवा, आप्पा. आमच्याकडं तुमच्यासारखं अक्षर कुणाचं न्हाई."

आप्पांनी लिहिलं, 'एम.डी., परदेशातील, सहा वर्षे. येथील परीक्षा बाकी.' वाचून बघितलं. 'बाकी' हा शब्द पोराला लागेल का, असं वाटलं म्हणून तो खोडायला ते वाकले. खोडावा की राहू द्यावा, हे ठरेना. शेवटी त्यांनी रविराजकडे नुसतं बोट केलं, वाचनालयात पाटीकडे करायचे तसं, आणि तेच बोट शब्दावर नेऊन ठेवलं.

रविराज वाकून म्हणाला, "राहू द्या, आप्पा. एकशे अठ्ठेचाळीस पण लिहा पाहिजे तर."

"ते स्वप्नातलं लिवा," झुंबरबाई म्हणाल्या. "एक तरी जास्त हाय."